रोज तेच मोजायचं, तेही वर्षानुवर्षं. कशासाठी?

थेंबेथेंब
सोमवार, रात्री ९:४०

दिवाळीआधी माळा आवरताना आलेखाच्या कागदांची एक गुंडाळी सापडली. कागद एकाला एक डिंकाने चिकटवलेले. उलगडली तर हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. आमच्या ह्यांनी विचारलं, "एवढी लांब पत्रिका कुणाची?"

पत्रिकाच म्हणायची, पण विहिरीची.

मी एका तालुक्याच्या गावी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक बेसिन, एक वजनकाटा आणि पावसाळ्यात भिंतीतून झिरपणारं पाणी (ते मात्र आम्ही तपासत नव्हतो). गावाला मुख्य पाणी नदीचं, पण उन्हाळ्यात जोडीला एक जुनी मोठी विहीर असायची. तिच्या पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठातला खार, दर सोमवारी मी मोजायचे.

बारावीला ज्यांनी हे केलंय त्यांना आठवेल. चंबूत पाणी घ्यायचं, पोटॅशियम क्रोमेटचे दोनचार थेंब टाकायचे, पाणी लिंबासारखं पिवळं होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. आत पांढरं साकळत जातं. एका थेंबाला पिवळ्यात विटकरी झाक येते आणि चंबू हलवला तरी जात नाही. तिथे थांबायचं, ब्युरेट वाचायचं, वहीत लिहायचं.

पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मी लागले तेव्हा विहिरीचं यायचं चाळिशीच्या आसपास. कधी ३६, कधी ४४. अहवालात 'पिण्यास योग्य' लिहून सही. निवृत्तीच्या आधी हाताशी वेळ होता म्हणून जुन्या वह्या काढल्या आणि वेळ जावा म्हणून एकेक ठिपका मांडत बसले. बावीस वर्षांचे ठिपके झाल्यावर बघते तर नव्वदीच्या घरात! वर्षाला दोनअडीच मिलिग्रॅमची चढ. ह्या सोमवारचं आणि मागच्या सोमवारचं बघितलं तर काही कळायचं नाही, कारण आठवड्याआठवड्यातच पाचसात मिलिग्रॅमचा फरक असायचा. बावीस वर्षं दर आठवड्याला 'योग्य' लिहिलं आणि ते खोटंही नव्हतं. पण विहिरीच्या वरच्या अंगाला वसाहत झाली होती, तिचं सांडपाणी मुरत होतं, आणि विहीर ते दर सोमवारी सांगत होती. आम्ही तिला दर वेळी एकच प्रश्न विचारत होतो, पास का नापास.

वह्यांचं पुढे काय झालं? प्रयोगशाळा बाहेरच्या ठेकेदाराकडे गेली आणि कपाट रिकामं करायचं म्हणून वह्या रद्दीत. मी तेव्हा निवृत्त झाले होते. ही गुंडाळी तेवढी घरी होती म्हणून वाचली.

हे लिहायचं निमित्त असं की नातवाला शाळेत 'कीलिंग वक्र' आहे. त्याला समजावताना मलाच रडू आलं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावर मौना लोआच्या उतारावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. पहिला आकडा ३१३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांत ३१३. मेपर्यंत आकडा चढला, मग उतरायला लागला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच. उत्तरेकडच्या जंगलांना पालवी फुटली की ती वायू ओढून घेतात, पानगळीनंतर परत सोडतात, तो हा चढउतार. पण दर वर्षीचा उंचवटा आधीच्या वर्षीपेक्षा थोडा वर. मे २०१३ मध्ये दिवसाचा आकडा ४०० ला टेकला. आता मे महिन्याची सरासरी ४३० वर गेली आहे.

एवढ्या मोठ्या कामात १९६४ च्या सुरुवातीला काही महिन्यांची फट आहे. पैसे कापले गेले होते. पुढेही त्याला ऐकावं लागलं की हे काय संशोधन, हे तर रोजचं रटाळ मोजमाप.

तुमच्यापैकी कुणी असं 'रटाळ' काम केलंय का? किंवा घरात कुणी केलेलं बघितलंय का? लिहा.

वाचनमात्र
सोमवार, रात्री १०:०५

विहिरीची पत्रिका! सुंदर लिहिलंय ताई. मंगळ कुठल्या घरात होता ते पण सांगा :)

रोखठोक
सोमवार, रात्री १०:५२

भावना पोचल्या, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

'मोजमाप चालू आहे' हे आपल्याकडे काही न करण्याचं सगळ्यात सोयीचं कारण आहे. आमच्या पुण्यातल्या मुळा-मुठेचं पाणी किती वर्षं तपासलं जातंय? नदी सुधारली का? आकडे येतात, फायलीत जातात. रोग्याचा ताप दर तासाला लिहायचा आणि औषध द्यायचं नाही, असला प्रकार. तुमच्या विहिरीचं तरी काय झालं? बावीस वर्षांनी कळलं, मग?

शिवाय आता स्वस्त सेन्सर आहेत, उपग्रह आहेत. ब्युरेट घेऊन दर सोमवारी उभं राहण्यात रम्य काय असेल ते असो, पण २०२० च्या दशकात त्याचं समर्थन कशाला?

थेंबेथेंब
सोमवार, रात्री ११:२०

रोखठोक, विहिरीचं म्हणाल तर काहीच झालं नाही. मी गुंडाळी साहेबांसमोर टेबलावर पसरली. ते म्हणाले, "मॅडम, २५० च्या खालीच आहे ना?" तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मला जास्त लागतो.

पण ताप लिहिलेलाच नसता तर 'बरं आहे' म्हणणाऱ्याशी भांडायचं कशाच्या जोरावर?

फ्रिजवाला
मंगळवार, सकाळी ७:१५

रोखठोक साहेब, तुमच्या 'औषध' मुद्द्यावर आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मी पस्तीस वर्षं एसी आणि मोठे चिलर दुरुस्त करतोय.

आर-११ नावाचा गॅस पूर्वी मोठ्या चिलरमध्ये असायचा. फोम फुगवायलाही तोच, म्हणजे फ्रिजच्या भिंतीत जो पिवळा फोम असतो तो. ओझोन खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारात आला आणि २०१० पासून जगभर उत्पादन बंद. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, विषय संपला.

संपला नव्हता. हा गॅस हवेत मोजणारी ठाणी जगात १९७० च्या दशकापासून आहेत. बंदीनंतर आकडा ठरल्या गतीने उतरायला हवा होता, कारण हवेत तो किती वर्षं टिकतो हे माहीत आहे. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी छापलं की २०१२ नंतर उतरण्याची गती मंदावली आहे. लक्षात घ्या, आकडा वाढला नव्हता, उतरतच होता! फक्त जेवढा उतरायला हवा तेवढा उतरत नव्हता. म्हणजे कुणीतरी नवीन बनवतंय. पुढच्या वर्षी कोरियातल्या गोसान आणि जपानातल्या हातेरुमा ह्या ठाण्यांच्या नोंदींवरून, वारा कुठल्या दिशेने आला की आकडा उसळतो ते बघून, पूर्व चीनमधल्या शानतुंग आणि हपै प्रांतांपर्यंत माग गेला. फोमवाल्यांचं काम असावं असं दिसलं. मग धरपकड झाली आणि आकडा परत खाली यायला लागला.

आधीच्या तीसचाळीस वर्षांची रेघ नसती तर 'जेवढा उतरायला हवा' हे कुणाला कळलं असतं? ती ठाणी २०१२ मध्ये नव्याने उघडली असती तर त्यांनी लिहिलं असतं, 'आकडा उतरतोय, छान.'

इथे औषधही होतं आणि तापही लिहिलेला होता. दोन्ही लागतं.

गणित्या
मंगळवार, सकाळी ९:३०

फ्रिजवाला, प्रतिसाद फार आवडला. थोडं गणित जोडतो, पळून जाऊ नका.

मौना लोआवर वर्षभरात आकडा साधारण ६ पीपीएम वरखाली होतो. १९६० च्या दशकात वर्षाची खरी वाढ १ पीपीएमहून कमी होती. म्हणजे लाट मोठी आणि चढ बारीक. ताईंच्या विहिरीसारखंच.

समजा तुम्हाला हा बारीक चढ जास्त नेमका काढायचाय. दोन मार्ग आहेत. एक, तेवढ्याच वर्षांत दुप्पट वेळा मोजा. दुसरा, त्याच गतीने दुप्पट वर्षं मोजा. नमुने दोन्हीकडे सारखेच. पहिल्या मार्गाने चढाच्या आकड्यातली अनिश्चितता सुमारे १.४ पटीने कमी होते, दुसऱ्याने सुमारे २.८ पटीने. (नोंदींतल्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत असं धरून. प्रत्यक्षात असतो, पण आत्ता तिकडे जात नाही.) म्हणून स्वस्त सेन्सर हजार लावले तरी ते काळाची जागा घेऊ शकत नाहीत. वर्षं विकत मिळत नाहीत.

खोडसाळ
मंगळवार, सकाळी ९:४४

गणित्या आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रोखठोक काकांच्या उपग्रहांबद्दल: अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक नासाच्या कॉम्प्युटरने चक्क फेकून दिलं होतं ना? आकडे फारच कमी, म्हणून कचरा समजून. आणि जमिनीवर बसलेल्या तीन ब्रिटिशांनी ते पकडलं.

गणित्या
मंगळवार, सकाळी १०:१०

खोडसाळ, गोष्ट छान आहे पण निम्मीच खरी. फेकून दिलं नव्हतं. १८० डॉबसन एककांच्या (ओझोन मोजायचं माप) खालच्या नोंदींवर 'संशयास्पद' असा शिक्का बसत होता, नोंदी शाबूत होत्या, आणि नंतर त्याच तपासून भोकाचे नकाशे काढले गेले. पण आधी जाहीर केलं ते जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी, मे १९८५ मध्ये.

त्यांच्याकडे काय होतं? हॅली नावाच्या ठाण्यावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चाललेली एकाच प्रकारच्या उपकरणाची नोंद. ऑक्टोबर महिन्यात ओझोन ३०० च्या आसपास असायचा, तो १९८४ पर्यंत २०० च्या आसपास आला. त्यांनाही आधी वाटलं उपकरण म्हातारं झालं. म्हणून दुसरं मागवलं, त्यानेही तेच दाखवलं, मगच छापलं. उपग्रहाला १९५७ साली काय होतं ते ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा तो आकाशात नव्हता.

रोखठोक
मंगळवार, दुपारी १:०२

उपग्रहाचा मुद्दा मागे घेतो. पैशाचा घेत नाही.

मांडवीकाठ
मंगळवार, दुपारी ३:२६

मी गोव्याचा. शिकत असताना एकदा एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) लोकांबरोबर होडीतून कांदोळीसमोर गेलो होतो. किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर एक जागा आहे, खोली पंचवीस-तीस मीटर. तिथे १९९७ पासून पुन्हा पुन्हा जाऊन पाणी काढतात. वरचं, मधलं, तळाचं. जागा तीच, खोल्या त्याच.

महिना सप्टेंबर होता. तळाच्या पाण्याची बाटली वर आली आणि बूच काढताच कुजक्या अंड्याचा वास. होडीतल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली, एका म्हाताऱ्या खलाशाने सोडून. तो म्हणाला, "आता मासो तळाक ना, वयर आयला."

मग विंकलरची चाचणी. ताईंना माहीत असणारच. काचेच्या बाटलीत पाणी तोंडापर्यंत भरायचं, हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मँगनीजचं द्रावण आणि आयोडाइडचं अल्कली द्रावण सोडायचं, बूच लावून उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, खारकेच्या रंगाचा. वरच्या पाण्याच्या बाटल्या तशा झाल्या. तळाच्या बाटलीत साका पांढरा. दह्यासारखा पांढरा! ऑक्सिजन नाहीच. ब्युरेटपर्यंत जायची गरजच नव्हती, होडीतच उत्तर दिसलं.

आता गंमत अशी की हे दर वर्षी होतं. पावसाळ्यात तळाचं कमी ऑक्सिजनवालं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ पार गुदमरतो, मग वारे फिरले की पुन्हा श्वास घेतो. निसर्गाचं चक्रच आहे. पण शेतांतलं खत आणि शहरांचं सांडपाणी समुद्रात जातंय, त्याने हे गुदमरणं वाढतंय का? एका सप्टेंबरला जाऊन पांढरा साका बघून कुणीही बातमी करील. वाढतंय का हे सांगायला पंचवीस सप्टेंबर लागतात, आणि मधले मार्च-एप्रिलही, जेव्हा काहीच होत नाही आणि बाटल्या निमूट तपकिरी होतात.

थेंबेथेंब
मंगळवार, दुपारी ४:१०

मांडवीकाठ, 'निमूट तपकिरी' फार आवडलं. माझ्या निम्म्या वह्या निमूट आहेत. होत्या.

मांडवीकाठ
मंगळवार, दुपारी ४:४८

ताई, अजून एक. दक्षिण गोव्यात काब द रामचा किल्ला आहे, तिथे पर्यटक सूर्यास्ताला जातात. त्या कड्यावर १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेत. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे लोक आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संशोधन संस्था. बाटल्या मोजायला ऑस्ट्रेलियात जात. जागा किती हुशारीने निवडलेली बघा. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो, धुतलेली हवा. हिवाळ्यात वारा उलटा, देशावरून येतो, तेव्हा बाटलीत आख्ख्या भारताच्या चुली आणि चिमण्या. एकाच कड्यावर दोन जगं.

२००२ मध्ये ते थांबलं. काही वर्षांनी पुन्हा सुरू झालं, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. त्याच काळात आपल्याकडे कारखाने, गाड्या, वीज सगळं दणक्यात वाढत होतं.

ट्रामवाला
मंगळवार, रात्री ८:३३

विषय रसायनाचा आहे, मी थोडा चुंबकाकडे नेतो. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा १८२६ सालची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद व्हायला लागली. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेने चुंबकाच्या सुया नाचणार, नोंदींचा सत्यानाश. मग वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी जागा उभी केली. त्या इमारतीत लोखंडाचा खिळाही लागणार नाही अशी काळजी घेतली.

मला मूस आवडतात ते पुढच्या कामासाठी. अलिबाग १९०४ ला सुरू झालं आणि त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं. १९०६ पर्यंत. म्हणजे इथली सुई आणि तिथली सुई यांत किती फरक, तो कळला आणि जुनी रेघ नव्या रेघेला जोडता आली. विजेची ट्राम १९०७ ला धावली. ट्राम गेली, ट्रामचे रूळ डांबराखाली गेले, अलिबागची नोंद अजून चालू आहे.

फायदा विचाराल तर सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून इतिहासातलं प्रसिद्ध वादळ आलं होतं. त्या वेळी कुलाब्याच्या माणसांनी हाताने वाचून लिहिलेले आकडे वहीत होते. त्या वह्या जवळजवळ दीडशे वर्षांनी उघडल्या आणि २००३ मध्ये त्यावर लेख आला. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं होतं. असं वादळ आज आलं तर वीजवाहिन्या आणि उपग्रहांचं काय होईल, याचा हिशेब करणारे कुलाब्याचा तो आकडा घेतात. लिहिणाऱ्याला ना उपग्रह माहीत होता, ना नॅनोटेस्ला.

थेंबेथेंब
मंगळवार, रात्री ९:१५

ट्रामवाला, अवांतर कसलं, माझी दुखरी नस दाबलीत.

माझ्या गुंडाळीत मध्येच एक पायरी आहे. एका महिन्यात क्लोराइड एकदम नऊदहाने वर आणि मग तिथूनच पुढे. विहिरीत एका महिन्यात असं काय झालं असेल, मी किती विचार केला. मग माझ्याच जुन्या डायरीत सापडलं. सिल्व्हर नायट्रेटची बाटली संपली, नवीन दुसऱ्या पुरवठादाराकडून आली, आणि घाईत मी तिचं प्रमाणीकरण केलं नाही. लेबलवर लिहिलेली तीव्रता खरी मानली. म्हणजे पायरी विहिरीची नव्हती, माझी होती. जुन्या बाटलीतलं कपभर ठेवून चार सोमवार दोन्हींनी मोजलं असतं तर आज ती दुरुस्त करता आली असती. आता तेव्हाची बाटली कुठून आणू?

एकूण चढ त्या दहाने थोडा फसवा झालाय. वर मी 'नव्वदीच्या घरात' लिहिलंय, ते ऐंशीच्या घरात धरा. हे आधीच लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून नाही लिहिलं.

रोखठोक
मंगळवार, रात्री ९:३१

ताई, हे जे आत्ता लिहिलंत त्यासाठी मानलं तुम्हाला. हेच मला म्हणायचं होतं खरं तर. लांबलचक नोंद म्हणजे चांगली नोंद असं नाही. पन्नास वर्षं चुकीचं मोजलं तर पन्नास वर्षांची चूक.

गणित्या
मंगळवार, रात्री ९:५०

बरोबर. कीलिंगचं खरं डोकं तिथेच होतं. मौना लोआवरचं यंत्र तो बाजारातूनच घेऊन आला होता. पण ते यंत्र ज्या वायूंच्या टाक्यांशी रोज ताडून बघायचं, त्या टाक्यांतलं प्रमाण त्याने स्वतः बनवलेल्या काचेच्या दाबमापकाने नक्की केलेलं होतं. यंत्र सरकलं तरी मोजपट्टी सरकत नव्हती. १९७४ पासून अमेरिकेची सरकारी नोआ संस्था त्याच डोंगरावर वेगळं मोजते आहे. दोन घरांच्या दोन वह्या, एकमेकींवर नजर ठेवणाऱ्या. २०२२ च्या नोव्हेंबरात ज्वालामुखी जागा झाला, लाव्ह्याने रस्ता आणि विजेची तार तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ डोंगरावर तात्पुरतं मोजायला सुरुवात केली. कीलिंग २००५ मध्ये गेला. आता त्याचा मुलगा राल्फ ते बघतो.

खोडसाळ
मंगळवार, रात्री ९:५८

म्हणजे तिकडेही घराणेशाही.

ऊनसावली
बुधवार, पहाटे ३:४०

(इकडे रात्रीचे दहा वाजलेत, वेळ बघून दचकू नका.)

मी लंडनच्या उत्तरेला राहते. इथून अर्ध्या तासावर रॉथमस्टेड हे शेतीसंशोधनाचं जुनं केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून दर वर्षी गहू पेरतात. एका पट्ट्याला शेणखत, एकाला रासायनिक खतं वेगवेगळ्या प्रमाणात, एकाला काहीच नाही. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी ते सुरू केलं आणि मरेपर्यंत, म्हणजे पन्नासवर वर्षं, एकत्र चालवलं. बिनखताचा पट्टा बघितला की वाईट वाटतं, खुरटा, विरळ. पण तो तसाच ठेवायचा.

मला मात्र शेतापेक्षा गोदाम जास्त आवडलं. धान्य, पेंढा आणि मातीचे नमुने, जुन्या काचेच्या बाटल्या, बुचाला सील. तीन लाखांच्या वर नमुने आहेत म्हणे. ठेवणाऱ्यांना नत्र-स्फुरद-पालाश बघायचं होतं. पुढे शंभर वर्षांनी लोकांनी त्याच बाटल्या उघडून कॅडमियम बघितलं, डायॉक्सिन बघितलं, अणुचाचण्यांची धूळ बघितली. बाटली भरली तेव्हा यातल्या काही गोष्टी जगात नव्हत्याच.

थेंबेथेंबताई, तुमची चुकीची पायरी अशा बाटलीने सुटली असती. आकडा चुकू शकतो, पाणी चुकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या केप ग्रिमला तर १९७८ पासून हवाच स्टीलच्या टाक्यांत भरून ठेवतात, पुढे कुणाला काय शोधायचं असेल ते शोधो.

आणि रॉथमस्टेड म्हणजे काही देवघर नाही बरं का. १९६८ मध्ये त्यांनी गव्हाचं वाण बदलून बुटकं लावलं, कारण बाहेर शेतकरी तेच लावू लागले होते. बदल करतात, पण कधी आणि काय केला ते लिहून ठेवतात.

रोखठोक
बुधवार, सकाळी ८:२०

पाणी बाटलीत तीस वर्षं ठेवून चालेल का? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

थेंबेथेंब
बुधवार, सकाळी ८:४५

क्लोराइडला चालेल, बाटली नीट बंद असेल आणि पाणी उडून गेलं नाही तर. नायट्रेटला नाही, जंतू खातात. प्रत्येक गोष्टीचं वेगळं. तुम्ही खोचक विचारता पण बरोबर ठिकाणी खोचता.

कोकणकडा
बुधवार, रात्री १०:१७

मी दोन दिवस वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं. विज्ञानातलं कळत नाही.

आमचे आजोबा संगमेश्वर तालुक्यात मास्तर होते. अंगणात त्यांचं स्वतःचं पाऊस मोजायचं माप होतं, सकाळी आठला मोजायचे. त्याच्या वह्या आहेत, सात. वाळवीने दोन खाल्ल्यात, पाच धड आहेत. घर विकायला काढलंय, सामान हलवायचंय. चुलत भाऊ म्हणतो रद्दी. ह्या धाग्यामुळे बाजूला काढल्यात. कुणाला उपयोग असेल का? आकडे इंच आणि सेंट असे आहेत, सेंट म्हणजे काय तेही मला माहीत नाही.

थेंबेथेंब
बुधवार, रात्री १०:३१

कोकणकडा, देऊ नका रद्दीत!! सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. १ इंच २५ सेंट म्हणजे सव्वा इंच, साधारण ३२ मिलिमीटर.

आत्ताच्या आत्ता मोबाइलने पानन् पान फोटो काढा, कोरीसुद्धा. उन्हात ठेवू नका, चिकटपट्टी लावू नका. संगणकात उतरवाल तेव्हा आकडे जसेच्या तसे, मिलिमीटर शेजारच्या रकान्यात. एखादा चुकलेला वाटला तरी सुधारू नका. समासात काही लिहिलंय का बघा. मला आकड्यांपेक्षा समास हवाय.

गणित्या
बुधवार, रात्री १०:४०

आणि कोरी जागा म्हणजे शून्य पाऊस की न मोजलेला दिवस, हे आजोबा कसं लिहीत ते शोधा. ह्या एका गोष्टीवर आख्ख्या वह्या तरतात किंवा बुडतात.

कोकणकडा
बुधवार, रात्री ११:२५

शून्य असेल तिथे 'निरंक' लिहिलंय. गावाला गेले असतील तिथे 'मी नाही. सौ.ने पाहिले' आणि पुढे आकडा. आज्जीचा आकडा नेहमी पूर्ण इंचात आहे, सेंट नाहीत :)

समास वाचले. एका जूनमध्ये असं आहे, तसंच्या तसं उतरवतो:

'मृग लागला. माप बुडाशी गळते आहे असे वाटते. रत्नागिरीस सांगितले आहे.'

मग दहाबारा पानं नुसते आकडे.

गणित्या
बुधवार, रात्री ११:२८

अरेरे. म्हणजे तेवढे दिवस कमी मोजलेले. किती कमी ते आता कळणार नाही.

कोकणकडा
बुधवार, रात्री ११:५१

थांबा. पुढे जुलैमध्ये:

'नवे माप आले. जुने काढले नाही. दोन्ही शेजारी ठेवली आहेत.'

आणि तिथून रोज दोन आकडे आहेत. 'न. ३-४०, जु. ३-०५.' असे.

थेंबेथेंब
बुधवार, रात्री ११:५३

किती दिवस??

कोकणकडा
गुरुवार, रात्री १२:१०

मोजतोय. एकविसाव्या पानावर आहे, अजून दोन्ही चालूच आहेत.